समोरच्या फुटपाथवर जायचं होतं

लालबागला आमच्या चाळीच्या दारातून बाहेर पडलं की समोर मोठा रस्ता. त्याच्या डोक्यावर उड्डाणपूल, पुलाच्या खांबांना धरून दुभाजक. त्या दुभाजकात आमच्या दारासमोरच एक मोकळी जागा होती. ती कुणी ठेवली, कुणालाच ठाऊक नाही. पूल नव्हता तेव्हापासून सगळी चाळ तिथूनच पलीकडे जायची. पलीकडे भाजी, मसाल्याची गिरणी, डॉक्टर. आणि पलीकडच्या चाळीत माझ्या सासूबाईंची मैत्रीण. तिला आम्ही सगळे मावशी म्हणतो.

सासूबाई आणि मावशी एकाच मिलमध्ये सूत गुंडाळायच्या वाइंडिंग खात्यात होत्या, शेजारशेजारच्या मशीनवर. सासूबाई मालवणकडच्या, मावशी साताऱ्याकडच्या बौद्ध कुटुंबातल्या. सुरुवातीला आमच्या घरात मावशींचा कप वेगळा ठेवलेला असायचा, हे सासूबाईंनीच मला सांगितलं. एक दिवस मावशींनी तो कप स्वतः खाली काढला, घासला, त्यात चहा ओतला आणि सासूबाईंच्या हातात दिला. "आज तू पी यातून. बघू कसा लागतो." सासूबाई प्यायल्या. त्या दिवसापासून तो कप बाकीच्या कपांत गेला. पुढे संपात मिल गेली, काही वर्षांनी दोघींचे नवरे गेले. दुपारचा चहा मात्र चालू राहिला, एक दिवस हिच्याकडे, एक दिवस तिच्याकडे.

मी परळला एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करते. चालत जाते, चालत येते. तीन वर्षांपूर्वी उन्हाळ्यात एका संध्याकाळी ड्युटीवरून परत आले तर ती मोकळी जागा गायब. तिथे छातीएवढं लोखंडी रेलिंग. काळ्यापिवळ्या पट्ट्यांचा रंग अजून ओला होता. माझ्या आधी कुणीतरी हात लावून बघितलं होतं, त्याची बोटं उमटली होती.

तिथे अपघात होत नव्हते असं मी म्हणणार नाही. पुलावरून उतरणाऱ्या गाड्या वेगात यायच्या. आमच्याच चाळीतले एक आजोबा तिथे धडक बसून महिनाभर अंथरुणाला खिळले होते. पण यावर दोन उपाय होते, गाड्यांचा वेग कमी करायचा किंवा माणसांची वाट बंद करायची. दुसरा सोपा होता.

आता पलीकडे जायचे दोन मार्ग उरले. एक म्हणजे पुढच्या चौकातला सिग्नल. तिथे माणसांचा हिरवा दिवा लागला तरी डावीकडे वळणाऱ्या गाड्या थांबत नाहीत. दुसरा पादचारी पूल. त्याच्या सरकत्या जिन्याला आम्ही कधी सरकताना पाहिलेलं नाही, खाली आडवी दोरी बांधलेली असते.

सासूबाई एकदाच त्या पुलाच्या वाटेला गेल्या. मी बरोबर होते. अर्धा जिना चढल्या आणि मधल्या टप्प्यावर खालीच बसल्या. गुडघे दाबत म्हणाल्या, "गो, ह्यो जिनो माका नको. माका चहा पिऊक जावचा हा, गड चढूक नाय."

मी हसले. त्या हसल्या नाहीत. दोघी तशाच खाली उतरलो.

मग फोन सुरू झाले. आमची खोली दुसऱ्या मजल्यावर, मावशींचीही दुसऱ्या मजल्यावर. पुलाचा कठडा आमच्यासमोर उताराला लागतो, त्याच्यावरून आमच्या गॅलरीतून त्यांची गॅलरी दिसायची. दुपारी या दोघी आपापल्या कठड्याशी उभ्या राहायच्या, एका हातात कप, दुसऱ्या हातात मोबाइल.

"काय जेवलंस?"

"काय? हॉर्न वाजतोय गं, ऐकू येईना. थांब, आत जाऊन बोलते."

"आत गेलंस तर दिसतलंस खय?"

माझ्या सुट्टीच्या दिवशी मी हे मागून ऐकायची आणि मला घरात बसवायचं नाही. उगाच कपडे परत घडी करायची, खाली जाऊन यायची. समोर दिसणाऱ्या माणसाशी माणूस फोनवर बोलतोय, यात काहीतरी भयंकर चुकलंय असं वाटायचं आणि ते कुणाला सांगायचं ते कळायचं नाही. वॉर्ड ऑफिसात गेले. त्यांनी सांगितलं, हे ट्रॅफिकवाल्यांचं काम. ट्रॅफिकवाल्यांनी सांगितलं, रेलिंग त्यांचं, आमचं नाही.

घरात मात्र याच सुमाराला दुसरंच वारं होतं. माझ्या नवऱ्याने गाडी घेतली होती. सेकंडहँड, पांढरी, छोटी. चाळीच्या फुटपाथवर दोन चाकं चढवून लावायचा. मला ते आवडत नव्हतं, पण गाडी का घेतली ते मला माहीत होतं. सासऱ्यांना अटॅक आला तेव्हा हा रस्त्यावर उभा राहून टॅक्सीला हात करत होता, एक थांबली नाही. शेवटी शेजाऱ्याच्या टेम्पोत घालून नेलं. उशीर झाला होता. त्यानंतर कितीतरी वर्षांनी गाडी घरी आणली त्या दिवशी तिला हार घालताना त्याचे डोळे भरले होते. अशा माणसाला गाडी नको म्हणणार कसं?

त्यातच चाळीचा पुनर्विकास ठरत आला होता. नवरा कमिटीचा सेक्रेटरी. बिल्डरच्या माणसांनी जवळच्या शाळेच्या हॉलमध्ये सगळ्यांना बोलावून पडद्यावर टॉवर दाखवला. निळं आकाश, हिरवी झाडं, खाली एकही ओळखीचं दुकान नाही. खालचे सगळे मजले पार्किंगचे, माणसं त्याच्यावर. समोरच्या बाजूने गाड्यांचा रुंद रॅम्प.

मी हात वर केला. "चालत येणाऱ्याने आत कुठून यायचं?"

टाय लावलेला मुलगा नम्र होता. "मॅडम, लिफ्ट थेट पार्किंगमधून वर जाते."

"ज्याच्याकडे गाडी नाही तो?"

"प्रत्येक फ्लॅटला एक पार्किंग आहे, मॅडम."

"पार्किंग आहे हो. गाडी नाही."

हॉलमध्ये हसू फुटलं. त्याने नकाशा मागे नेला, पुढे नेला आणि मागच्या गल्लीतलं एक छोटं दार दाखवलं. कचरा जायचा तिथून. "सर्व्हिस एंट्री आहे ना, मॅडम."

माझं माहेर गिरगावातलं. तिथली आमची चाळ आधीच पडली, भाऊ आता टॉवरमध्ये राहतो. त्याच्याकडे गेले की गेटवरचा वॉचमन विचारतो, गाडी कुठे लावली? मी चालत आले म्हटलं की तो माझ्यामागे बघतो, कुणी गाडीवालं येतंय का ते. मला ते पडद्यावरच्या त्या दारात दिसत होतं.

घरी आल्यावर नवरा चिडला. "सगळ्यांसमोर काय गरज होती? दहा वर्षं अडकलंय हे काम. तुला चालायचं कौतुक. माझा बाप आयुष्यभर मिलमध्ये चालत गेला आणि चालत आला. त्याला कुणी विचारलं का, चालायला आवडतं का?"

"अहो, पण आईंचं काय? त्या आजही समोर जाऊ शकत नाहीत."

"मी नेतो ना तिला. गाडी कशाला आहे?"

आणि त्याने ते खरं करून दाखवायचं ठरवलं. रविवारी सकाळी त्याने आईला पुढच्या सीटवर बसवलं, मी मागे. सासूबाईंनी इस्त्रीचं लुगडं नेसलं होतं, मांडीवर नारळाच्या वड्यांचा डबा. पलीकडे मावशी गॅलरीत येऊन उभ्या होत्या. त्यांनी हात केला, आम्ही निघालो.

आमच्या दारातून उजवीकडे वळता येत नाही. डावीकडेच जायला लागतं, पुढे कुठेतरी यू-टर्न. पहिला यू-टर्न बंद, तिथेही नवीन रेलिंग. दुसऱ्याला लांब रांग, तिथून वळून परत चाळीच्या दिशेने निघालो. नवरा लेन बदलायला गेला, मागून बस आली, तिने हॉर्न मारून याला बाजूला दाबलं आणि काही कळायच्या आत आम्ही उड्डाणपुलावर चढलो.

पुलावरून उतरायला मध्ये वाट नाही. नवरा स्टिअरिंग घट्ट धरून समोर बघत होता, कान लाल. सासूबाई खिडकीला नाक लावून खाली बघायला लागल्या. त्यांनी इतकी वर्षं तो पूल खालूनच पाहिला होता.

"अरे, ती बघ! आमची कौलां! तो आमचो नळ. आणि ती बघ, ती हात हलयता." खरंच मावशी गॅलरीत दिसत होत्या. सासूबाईंनी डबा वर करून दाखवला. आम्ही त्यांच्या खिडकीजवळून, जवळजवळ त्यांच्या घरातून गेल्यासारखे गेलो आणि थांबू शकलो नाही.

पूल संपल्यावर कुठे तरी वळलो, वन-वेत अडकलो, परत फिरलो. बऱ्याच वेळाने एकदाचे मावशींच्या चाळीसमोर आलो तर तिथे गाडी उभी करायला तसूभर जागा नाही. नवऱ्याने गाडी थांबवली तशी मागे हॉर्न सुरू झाले. सासूबाईंना सीटवरून उठायला वेळ लागतो. त्यांनी दार उघडलं, एक पाय बाहेर ठेवला, शेजारून बाइक सर्रकन गेली, त्यांनी पाय आत घेतला. पुन्हा प्रयत्न केला. मागचा माणूस उतरून काचेवर थापा मारायला लागला.

"चल बाबा," सासूबाई म्हणाल्या. "घराक चल."

मावशी जिना उतरून खाली आल्या होत्या, धापा टाकत. त्या पोचेपर्यंत आम्ही पुढे निघालो होतो. वड्या तशाच घरी परत आल्या. मी नवऱ्याला त्या दिवशी टोचलं नाही. त्याच्या चेहऱ्याकडे बघवत नव्हतं.

मग गणपती आले. मोठ्या मूर्ती आणताना, मिरवणुकीला, रेलिंग आडवं येतं. मंडळांनी सांगितलं आणि एका सकाळी कटर घेऊन माणसं आली, रेलिंग कापून बाजूला ठेवून गेली. त्यांना अर्धा दिवसही लागला नाही.

सासूबाई गॅलरीतून बघत होत्या. "बघ हां. गणपतीक कोणी सांगलां नाय, जिनो चढून पलीकडे जा म्हणान."

त्या दिवसांत त्या रोज पलीकडे गेल्या. गर्दीमुळे गाड्या बंदच होत्या. भर रस्त्यातून दोघी म्हाताऱ्या हातात हात घालून फिरायच्या, सरबत प्यायच्या, मधेच दुभाजकावर टेकायच्या. माझ्या सासूबाईंना इतक्या महिन्यांत मी एवढं बोलताना ऐकलं नव्हतं.

विसर्जन झालं. दोन-तीन दिवसांनी सकाळी मी कामाला निघाले तर वेल्डिंगचं मशीन आलेलं. रेलिंगचा तुकडा उचलून जागेवर धरला होता, ठिणग्या उडणार तेवढ्यात माझ्या शेजारून सासूबाई गेल्या. हातात घरातली प्लास्टिकची खुर्ची. त्या सरळ त्या मोकळ्या जागेत गेल्या, खुर्ची मांडली आणि बसल्या.

वेल्डर घाबरला. "आजी, उठा, डोळ्याला लागेल."

"मगे पेटव नको."

पलीकडून मावशी आल्या, हातात छत्री. त्यांना कुणी कळवलं होतं असं नाही, गॅलरीतून दिसलं असणार. त्या येऊन शेजारी दुभाजकावर बसल्या आणि छत्री दोघींवर धरली. चाळीतल्या बायका एकेक करून खाली यायला लागल्या. ट्रॅफिक हवालदार शिट्टी मारून दमला. तळमजल्यावरचे टॅक्सीवाले काका ओरडत होते, "अरे, प्रत्येक ठिकाणी गाडी थांबवायची तर आम्ही धंदा कधी करायचा?" त्यांचंही खोटं नव्हतं. त्यांच्या बायकोने त्यांना जोरात सांगितलं, "तुम्ही टॅक्सीतून उतरलात की तुम्हीपण चालताच!"

मला कामावर जायचं होतं. मी दोनदा निघाले आणि दोनदा परत आले. शेवटी लॅबमध्ये फोन करून सांगितलं, उशीर होईल.

पालिकेची इंजिनिअर आली. तरुण मुलगी, गळ्यात ओळखपत्र, कपाळावर घाम. "आजी, मला वरून ऑर्डर आहे हो."

"मग वरच्याला बोलव," मावशी म्हणाल्या. "आम्ही बसतो तोवर. तू उभी का? चहा घेतेस?"

कुणीतरी नवऱ्याला ऑफिसला जाता जाता गाठून आणलं. चाळीचा सेक्रेटरी, त्याने आपल्या आईला समजवावं अशी सगळ्यांची अपेक्षा. तो आला, खाली वाकला, हळू आवाजात म्हणाला, "आई, चल वर. लोक बघतायत."

सासूबाईंनी त्याच्याकडे बघितलं. "काढ तुझी गाडी. माका समोर सोड. सोडतलंस?"

मला वाटलं आता तो चिडणार. पण तो सरळ उभा राहिला आणि त्या इंजिनिअर मुलीला म्हणाला, "मॅडम, एक विनंती आहे. तुम्ही आमच्याबरोबर सिग्नलवरून पलीकडे जाऊन दाखवा. एकदाच. मग हे बंद करा, मी स्वतः आईला उचलून नेतो."

तिला नाही म्हणता आलं असतं. पण म्हणाली, "चला."

ती दोघं गेली. आम्ही वाट बघत राहिलो. मावशींनी कुठून तरी चहा मागवला. बऱ्याच वेळाने ती दोघं पलीकडच्या फुटपाथवर दिसली. मुलीची ओढणी घसरली होती, नवऱ्याने तिचा दंड धरला होता. सिग्नलला डावीकडे वळणाऱ्या टेम्पोने तिला जवळजवळ घेतलंच होतं, हे नंतर कळलं. पुढे फुटपाथवर गाड्या लावलेल्या म्हणून दोघं रस्त्यातूनच चालत आली. त्यातली एक गाडी आमच्यासारखीच पांढरी होती. नवऱ्याने तिच्याकडे बघितलेलं मला इकडून दिसलं.

मुलगी तिथेच उभी राहून कुणाशी तरी फोनवर बोलली. काय बोलली ते ऐकू आलं नाही, पण तिचा हात हवेत जोरजोरात हलत होता. मग तिने परत येऊन वेल्डरला सांगितलं, "आज राहू दे."

विजय वगैरे झाला नाही. रेलिंग परत बसलं नाही, पण क्रॉसिंगही लगेच झालं नाही. नवरा त्यासाठी कितीदा तरी वॉर्ड ऑफिसात गेला, मला न सांगता. शेवटी रस्त्यावर उंचवट्याच्या पट्ट्या आल्या आणि दोन्ही बाजूंना लाल ड्रम उभे राहिले, मध्ये दोरी. तात्पुरती सोय, असं कागदावर म्हटलंय. ती अजून तात्पुरतीच आहे. गाड्या थांबत नाहीत, थोड्या अडखळतात. तेवढ्यात बायका घोळक्याने हात वर करून जातात.

चाळीच्या पुढच्या मीटिंगला गेटचा विषय मी काढणार होते. माझ्याआधी नवराच उठला. "समोरच्या बाजूला चालणाऱ्यांचं दार पाहिजे. रॅम्पच्या शेजारी, रॅम्पच्या आधी. नाहीतर मी सही करणार नाही." कमिटीतल्या काहींनी डोक्याला हात लावला. दोन-तीन मीटिंगा त्यावरच गेल्या. शेवटी दार मिळालं. पार्किंगचे मजले होते तेवढेच राहिले. मीही सही केली. करताना बरं वाटलं की वाईट, अजून ठरवता आलेलं नाही.

गेल्या वर्षी चाळ रिकामी केली. टॉवर होईपर्यंत भाड्याने राहायचं. नवऱ्याने लांबची दोन घरं बघितली, मोठी, लिफ्ट असलेली, खाली पार्किंग. सासूबाई दोन्हीकडे गॅलरीत जाऊन खाली बघून आल्या आणि म्हणाल्या, "हयसून चालत खय जातलंय?" शेवटी मावशींच्या बाजूच्याच एका गल्लीत तळमजल्याची छोटी जागा घेतली. गाडीला जागा नव्हती. ती दिराकडे कल्याणला ठेवली आहे. नवरा महिन्यातून एखाद्या रविवारी जाऊन तिचं इंजिन चालू करून येतो.

मला मात्र अजून स्वस्थता नाही. चाळ पाडतायत तिथे उंच पत्रे ठोकलेत, फुटपाथ त्यांच्या आत गेलाय. पत्र्यांवर टॉवरचं रंगीत चित्र, त्यात माणसं हिरवळीवरून चालतात. आम्ही त्या चित्राच्या बाहेर, गटाराच्या कडेने, बसच्या आरशापासून खांदा वाचवत कामाला जातो. चित्रातल्या मजल्यांवर माझी नजर जाते आणि सासूबाई त्या उंचीवर काय करतील हा विचार येतो. त्या घाईत नाहीत. म्हणतात, तेव्हाचा तेव्हा बघू.

गेल्या आठवड्यात मावशींच्या चाळीतही मोजणीवाले आले. सासूबाई तेव्हा तिथेच होत्या, त्यांनीच मला सांगितलं. हातात फीत घेतलेला साहेब दारात आला, म्हणाला, "आजी, खोली मोजायची आहे."

मावशींनी विचारलं, "गाडीने आलास? कुठे लावलीस?"

"खालीच, फुटपाथवर."

"आधी ती काढ. मग फीत काढ."

तो गुपचूप खाली गेला. परत वर यायला त्याला बराच वेळ लागला. जागाच मिळत नव्हती म्हणे.